फिरून ये

खरं तर सगळं ठीक चाललं होतं.
स्टॉल दिला, सावरला.
तिरप्या वळणात कोराडीच्या चिमण्या
काचेवरून सरकत गेल्या
आणि होत्या तिथे परत येऊन उभ्या राहिल्या.
इंजिन बंद पडल्याचं नाटकही झालं.
गुमगावच्या पुढे पऱ्हाटी उपटलेलं
एक रिकामं वावर मी निवडलं.
ते कॅप्टन दस्तुरांना पटलं असावं,
कारण ते काहीच बोलले नाहीत,
आणि त्यांचं न बोलणं म्हणजे,
खोब्रागडे सर सांगतात, अर्धा पास.

राहिलं होतं फक्त उतरणं.

मे महिना, साडेदहाचं ऊन.
धावपट्टीवरची हवा
उघड्या रॉकेलच्या वाफेसारखी हलत होती.
वारा डावीकडून, बारा नॉट.
डावा पंख खाली, उजवा पाय रडरवर,
झोपेतून उठवलं तरी सांगेन इतकं पाठ.
मी नाक जरा लवकर उचललं.
विमान तरंगलं,
तरंगतच राहिलं,
मग आपटलं, उसळलं,
आणि मी त्याला खाली दाबलं,
डब्याचं न बसणारं झाकण दाबावं तसं.

"आय हॅव कंट्रोल."

आवाज चढला नाही.
माझे हात मांडीवर आले
आणि तिथे काय करायचं ते त्यांना कळेना.

कागदावर: प्रज्वला शंभरकर. असमाधानकारक.
खाली सही, सहीखाली टिंब.

संध्याकाळपर्यंत घरी गेले नाही.
छत्रपती चौकात मेट्रोच्या खांबाच्या सावलीत
गाडी लावून दोन सांबारवड्या खाल्ल्या,
मग अजून एक.
लॉगबुकच्या शेवटच्या पानावर
मी पेन्सिलीनं एक हिशोब ठेवते:
उड्डाणाचा एक तास
म्हणजे बाबांचे किती कूलर.
आजच्या तारखेपुढे आकडा लिहिला,
खोडला,
परत तोच लिहिला.

बाबा अंगणात उकिडवे,
कुणाच्या तरी पंपातला गाळ काढत होते.
जुन्या खसाचा ओला वास.
मी उभ्यानंच सांगितलं.
त्यांनी पंपातून डोकं वर काढलं नाही.
"खाली उतरली न वं तू, धडधाकट?"
"हो."
"इमान?"
"तेही."
"मंग फेल कायची?"

याला माझ्याकडे उत्तर होतं
पण ते सांगायला आठ दिवस लागले.
कारण कॅप्टन दस्तुर जाता जाता म्हणाले होते,
सगळेच उसळतात पोरी.
उसळलीस म्हणून नाही नापास केलं.
थ्रॉटल पुढे ढकलून फिरून यायचं
तुला सुचलंच नाही, म्हणून.

खरंच नव्हतं सुचलं.
आमच्या गल्लीत फिरून येणाऱ्याला
परत आला म्हणतात.

तेव्हापासून रोज पहाटे, गच्चीवर,
प्लास्टिकच्या खुर्चीत, डोळे मिटून.
डाव्या हातात लाटणं,
उजवी मूठ हवेत, थ्रॉटल म्हणून.
कार्ब हीट आत. पूर्ण पॉवर. नाक सांभाळ.
फ्लॅप एकदम नाही, टप्प्याटप्प्यानं.
पलीकडच्या गच्चीवरून पापड वाळत घालताना
मसराम काकूंनी विचारलं,
"कोणाचा जप करते वं?"
मी म्हटलं, झाला की सांगते.

दुसऱ्या परीक्षेच्या दिवशी
पहिलंच उतरणं वाकडं आलं.
तरंगलं. तसंच, अगदी तसंच.
पोटात तोच खड्डा,
शेजारी तेच न बोलणं.
उजवी मूठ माझ्याआधी पुढे गेली.

धावपट्टी खाली सुटली, मग कुंपण,
मग सोनेगावच्या तळ्याचा भेगाळलेला काठ,
मग छपरं, छपरांना टेकलेले कूलर,
पत्र्याचे, गंजलेले, नवे,
त्यातले काही आमच्या घरातून गेलेले असतील,
वरून ओळखू येत नाहीत.
कॅप्टन दस्तुर खिडकीबाहेर बघत होते.
मी टॉवरला सांगितलं, पुन्हा येतेय.

वारा अजून डावीकडूनच होता.